डायलिसिस मोफत, पोषणाचे काय?

२९ फेब्रुवारी २०१६ रोजी संसदेत अर्थसंकल्प मांडताना तत्कालीन अर्थमंत्री अरुण जेटली यांनी राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमाची घोषणा केली. त्या वेळी त्यांनी दिलेले आकडे विचार करायला लावणारे होते. मूत्रपिंडे पूर्णतः निकामी झालेल्या सुमारे २ लाख २० हजार नव्या रुग्णांची देशात दरवर्षी भर पडते. त्यांच्यासाठी ३ कोटी ४० लाख डायलिसिस सत्रांची वाढीव गरज निर्माण होते. एका सत्राचा खर्च सुमारे दोन हजार रुपये, म्हणजे वर्षाला तीन लाखांहून अधिक. आणि उपलब्ध सोय गरजेच्या निम्मीच, तीही मोठ्या शहरांत एकवटलेली. या घोषणेनुसार जिल्हा रुग्णालयांतून दारिद्र्यरेषेखालील रुग्णांना मोफत डायलिसिस मिळू लागले. महाराष्ट्रात त्याआधीच, २०१२ साली, राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली होती. २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिबा फुले यांचे नाव मिळाले, आणि २०२३ मध्ये ती राज्यातील सर्व कुटुंबांना खुली करण्याचा व संरक्षणाची मर्यादा दीड लाखावरून पाच लाख रुपयांवर नेण्याचा निर्णय झाला. राज्य परिवहन महामंडळाने डायलिसिसच्या रुग्णांना साध्या बसमधून मोफत प्रवासाची सवलतही दिली आहे.

शासनाने हे केले, याबद्दल त्याला श्रेय दिलेच पाहिजे. एका पिढीपूर्वी मौद्यासारख्या तालुक्यातील शेतमजुराची मूत्रपिंडे निकामी झाली, तर घरच्यांनी त्याला परत घरी आणण्याखेरीज फारसा मार्ग नसे. आज त्याला यंत्र मिळते. परंतु या सर्व योजनांचे मोजमाप एकाच परिमाणात होते, ते म्हणजे सत्रांची संख्या. किती रुग्णांना किती वेळा यंत्रावर घेतले, याचा हिशेब प्रत्येक पातळीवर ठेवला जातो. यंत्रावर येणाऱ्या माणसाच्या अंगात दर महिन्याला किती मांस उरले आहे, याचा हिशेब मात्र क्वचितच कोणी ठेवतो. आणि तो रुग्ण किती काळ व कसा जगेल, हे बऱ्याच अंशी या न ठेवलेल्या हिशेबावर अवलंबून असते.

यंत्र कोणाला, हा जुना प्रश्न

डायलिसिसचा इतिहास हा मुख्यतः टंचाईचा इतिहास आहे. दुसरे महायुद्ध चालू असताना, १९४३ मध्ये, हॉलंडमधील डॉ. विलेम कोल्फ यांनी सॉसेजच्या वेष्टनासाठी वापरले जाणारे सेलोफेन गुंडाळून पहिले कृत्रिम मूत्रपिंड उभे केले. १९६० मध्ये अमेरिकेतील सिअॅटल येथे डॉ. बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी रुग्णाच्या हातातील रक्तवाहिन्यांना कायम जोडून ठेवता येईल अशी टेफ्लॉनची नळी वापरली, आणि एरवी काही आठवड्यांत दगावणारा रुग्ण वर्षानुवर्षे जगवता येतो हे सिद्ध झाले. पण यंत्रे मोजकी आणि रुग्ण अनेक. म्हणून कोणाला जगवायचे हे ठरवण्यासाठी त्या शहरात नागरिकांची समिती बसवावी लागली. आपल्याकडे डायलिसिस हा शब्द सर्वसामान्यांच्या कानावर पडला तो बव्हंशी लोकनायक जयप्रकाश नारायण यांच्यामुळे. आणीबाणीत स्थानबद्ध असताना त्यांची मूत्रपिंडे निकामी झाली. १९७५ च्या अखेरीस मुंबईच्या जसलोक रुग्णालयात त्यांच्यावर उपचार सुरू झाले आणि ८ ऑक्टोबर १९७९ रोजी निधन होईपर्यंत त्यांचे आयुष्य यंत्राशी बांधलेले राहिले.

यंत्र कोणाला मिळणार, हा त्या काळचा प्रश्न होता. तो आजही पूर्णपणे सुटलेला नाही. पण त्याच्या जोडीला दुसरा, कमी दिसणारा प्रश्न आता उभा आहे. यंत्र मिळाल्यानंतर माणसाचे काय होते?

मुद्दल खाणारे शरीर

निरोगी मूत्रपिंड रक्तातील टाकाऊ द्रव्ये बाहेर टाकते आणि उपयुक्त द्रव्ये राखून ठेवते. यंत्राला हा विवेक नसतो. त्याची पातळ चाळणी लहान रेणू जाऊ देते व मोठे अडवते, इतकेच. त्यामुळे युरियाबरोबरच प्रथिनांचे घटक असलेली अमिनो आम्लेही वाहून जातात. एका सत्रात साधारण ६ ते १२ ग्रॅम अमिनो आम्ले शरीराबाहेर जातात, असे मोजमापांतून दिसून आले आहे. आठवड्याला तीन, म्हणजे वर्षाला १५६ सत्रे धरली, तर ही घट एक ते दोन किलोच्या दरम्यान जाते. स्नायूंत प्रथिनांचा वाटा साधारण एक पंचमांश असतो. म्हणजे ही तूट आहारातून भरून निघाली नाही, तर हिशेबापुरते पाच ते नऊ किलो मांसाचे प्रथिन केवळ या एका वाटेने गळते.

याशिवाय इतर वाटा आहेतच. मूत्रपिंडे बंद पडली की रक्तातील आम्लता वाढते, आणि वाढलेली आम्लता स्नायूंतील प्रथिने मोडणाऱ्या यंत्रणेला चालना देते. शरीरात सौम्य पण सततचा दाह राहतो. इन्शुलिनचा प्रभाव मंदावतो. साचलेल्या विषारी द्रव्यांमुळे तोंडाची चव जाते, अन्न पाहून मळमळते. आहारातून पुरेशी ऊर्जा मिळाली नाही की खाल्लेले थोडेबहुत प्रथिनही स्नायू बांधण्याऐवजी जळणासारखे खर्ची पडते. बियाण्यासाठी राखून ठेवलेले धान खाऊन उन्हाळा काढणाऱ्या शेतकऱ्यासारखी ही अवस्था असते. दिवस निघतो, पण रोवणीच्या वेळी हाती काही उरत नाही.

वैद्यकशास्त्राने या अवस्थेला नाव द्यायलाही वेळ घेतला. स्नायूंच्या ऱ्हासासाठी 'सार्कोपेनिया' हा शब्द अमेरिकन संशोधक आयर्विन रोझेनबर्ग यांनी १९८९ मध्ये रूढ केला. ग्रीक भाषेत 'सार्क्स' म्हणजे मांस आणि 'पेनिया' म्हणजे दारिद्र्य. मांसाचे दारिद्र्य हा शब्दशः अर्थ आपल्याकडील रुग्णांच्या बाबतीत दुहेरी खरा ठरतो. मूत्रपिंडाच्या रुग्णांतील प्रथिने व ऊर्जा यांच्या एकत्रित ऱ्हासाची व्याख्या तर आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी २००८ मध्ये निश्चित केली. २०१८ मध्ये अनेक देशांतील अभ्यास एकत्र करून पाहिले असता, डायलिसिसवरील रुग्णांत या ऱ्हासाचे प्रमाण बहुतेक ठिकाणी २८ ते ५४ टक्क्यांच्या दरम्यान आढळले. म्हणजे यंत्राभोवतीच्या दर तीन-चार खाटांपैकी निदान एका खाटेवर, आणि पुष्कळदा दोन खाटांवर, असा झिजणारा माणूस असतो.

या झिजेचे परिणाम केवळ अशक्तपणापुरते मर्यादित नाहीत. पायांतील बळ गेले की माणूस पडतो. मूत्रपिंडाच्या विकाराने हाडे आधीच ठिसूळ झालेली असतात, ती मोडतात. जंतुसंसर्गाशी झुंजण्याची शक्ती कमी होते, रुग्णालयात दाखल होण्याचे प्रसंग वाढतात. ज्यांच्या हाताची पकड क्षीण व चाल मंद, त्यांच्यात मृत्यूचे प्रमाण अधिक, असे एकामागून एक अभ्यासांनी दाखवले आहे.

फसवे आकडे

ही झीज डोळ्यांवर येत नाही, याचे एक कारण असे की रुग्ण आणि त्याचे कुटुंब ज्या दोन आकड्यांवर भिस्त ठेवतात, ते दोन्ही या बाबतीत फसवे आहेत. पहिला आकडा वजनाचा. डायलिसिसच्या रुग्णाच्या अंगात पाणी साठते आणि यंत्र ते काढून टाकते. मांस दोन किलोंनी घटले आणि त्या जागी दोन किलो पाणी राहिले, तर काटा तोच आकडा दाखवतो. वजन स्थिर आहे म्हणून घरचे निर्धास्त राहतात. वस्तुतः माणूस आटलेला असतो, आणि जास्तीचे पाणी त्याच्या हृदयावर व श्वासावर भार टाकत असते.

दुसरा आकडा क्रिएटिनिनचा. मूत्रपिंडाच्या आजारात हा शब्द घराघरांत तोंडपाठ होतो. तो वाढला की धास्ती, उतरला की समाधान. पण क्रिएटिनिन मुळात स्नायूंतून निर्माण होते. डायलिसिस नियमित चालू असलेल्या रुग्णाचे क्रिएटिनिन महिन्यामागून महिना खाली येत असेल, तर त्याचा अर्थ पुष्कळदा मूत्रपिंड सुधारले असा नसून ते निर्माण करणारे मांसच कमी झाले, असा असतो. म्हणूनच डायलिसिसवरील रुग्णांत क्रिएटिनिन फार कमी असणे हे धोक्याचे लक्षण ठरते. सर्वसाधारण माणसांत स्थूलपणा अपायकारक. डायलिसिसच्या रुग्णांत मात्र थोडे अधिक वजन असणारे तुलनेने अधिक जगतात, हेही वारंवार दिसून आले आहे.

१९९० मध्ये अमेरिकेतील बारा हजारांहून अधिक रुग्णांच्या तपासण्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. रक्तातील अल्ब्युमिन या प्रथिनाचे प्रमाण जितके कमी, तितका मृत्यूचा धोका अधिक, असे त्यात ठळकपणे दिसले. अल्ब्युमिन केवळ उपासमारीने नव्हे, तर दाहामुळेही उतरते, ही पुस्ती येथे जोडली पाहिजे. तथापि देहाची मिळकत आणि आयुष्याची मर्यादा यांचा संबंध निकटचा आहे, याविषयी शंका उरत नाही.

पथ्य उलटते तेव्हा

आहाराच्या बाबतीतील सर्वांत मोठा घोटाळा पथ्याविषयी होतो. मूत्रपिंडे दुबळी झाली आहेत, पण डायलिसिस सुरू झालेले नाही, अशा काळात डॉक्टर प्रथिने कमी करावयास सांगतात. दर किलो वजनामागे रोज ०.६ ते ०.८ ग्रॅम इतकीच. डाळ कमी करा, अंडी-मटण बंद करा, ही सूचना घरात वर्षानुवर्षे पाळली जाते. पुढे डायलिसिस सुरू होते आणि नियम उलटतो. २०२० मध्ये सुधारलेल्या अमेरिकन मार्गदर्शक सूचनांनुसार आता दर किलोमागे १ ते १.२ ग्रॅम प्रथिने आणि २५ ते ३५ कॅलरी ऊर्जा आवश्यक ठरते. परंतु हा बदल रुग्णाच्या घरी कोणी समजावून सांगतोच असे नाही. जुने पथ्य प्रेमाने, काटेकोरपणे चालू राहते. आणि ज्या दिवसापासून भरपूर खाऊ घालावयाचे, त्या दिवसापासून माणसाला अर्धपोटी ठेवले जाते. उपासतापास करणाऱ्या स्त्रियांची स्थिती याहून कठीण. साबुदाण्यातून प्रथिने जवळजवळ मिळतच नाहीत, शेंगदाण्यांतून पोटॅशियम व फॉस्फरस नको इतके मिळते, आणि घरात सर्वांत शेवटी जेवण्याची रीत दुखण्यातही सुटत नाही.

मौद्याचे गणित

नागपूर जिल्ह्याच्या पूर्वेस, कन्हान नदीच्या काठी, नागपूर-भंडारा रस्त्यावर वसलेला मौदा हा धानाचा तालुका आहे. पेंच प्रकल्पाच्या पाण्यावर येथे धान पिकते आणि दोन्ही वेळच्या ताटात भात असतो. समजा, तेथील एखाद्या रुग्णाचे वजन ५० किलो आहे. त्याला रोज ५० ते ६० ग्रॅम प्रथिने हवीत. दिवसाला ३०० ग्रॅम तांदळातून सुमारे २२ ग्रॅम, ५० ग्रॅम तुरीच्या डाळीतून सुमारे ११ ग्रॅम आणि भाजी व चहातील दूध मिळून आणखी दोन-तीन ग्रॅम मिळतात. एकूण बेरीज ३५-३६ ग्रॅमच्या पुढे जात नाही; तूट १५ ते २५ ग्रॅमची. हाही हिशेब भूक शाबूत असलेल्या माणसाचा झाला. अन्नसुरक्षा कायद्याखाली प्राधान्य कुटुंबांना माणशी पाच किलो धान्य मिळते, आणि जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. पण त्या पाच किलोंत गहू-तांदूळच असतात. ते पोट भरतात. तूट भरून काढत नाहीत.

आता अंतराचा हिशेब पाहू. मौद्याहून नागपूर सुमारे ३५ किलोमीटर. तेथे आठवड्यातून तीनदा डायलिसिससाठी जाणारा रुग्ण वर्षाला जवळजवळ अकरा हजार किलोमीटर प्रवास करतो. दोनदा जाणारा सात हजारांहून अधिक. तालुक्यातील आडवळणाच्या खेड्यांसाठी हा आकडा आणखी मोठा. यंत्रावरचे चार तास, जाणे-येणे आणि थांबणे मिळून दिवस संपतो. सकाळी लवकर निघताना धड जेवण होत नाही, परतल्यावर थकव्याने घास उतरत नाही. म्हणजे आठवड्यातील ज्या दिवशी यंत्र प्रथिने ओढून नेते, नेमक्या त्याच दिवशी माणूस सर्वांत कमी खातो. तिकीट माफ झाले तरी रुग्णाचा रोज बुडतो, आणि सोबत येणाऱ्याचाही बुडतो. ही बुडालेली मजुरी कोणत्याही योजनेच्या जमाखर्चात दिसत नाही; पण ती वसूल होते ती घरातील डाळ, दूध आणि अंडी यांतूनच. या ओढाताणीमुळे आपल्या देशात अनेक रुग्ण आठवड्यातून दोनच सत्रे घेतात. विषारी द्रव्ये साचून राहतात, भूक आणखी मंदावते, आणि झिजेचे चक्र वेग घेते.

विश्रांती की हालचाल

आहाराइतकाच महत्त्वाचा प्रश्न हालचालीचा आहे. आजारी माणसाने पडून राहावे, हा आपल्याकडील सार्वत्रिक समज. रोवणी-कापणी करणारे शरीर एकाएकी खाटेवर आले की न वापरलेले स्नायू झपाट्याने विरतात. याउलट अनुभव परदेशांतून पुढे आला आहे. इटलीत २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत रुग्णांना घरीच ठरावीक लयीत चालण्याचा साधा व्यायाम देण्यात आला. सहा महिन्यांनी सहा मिनिटांत चालून जाण्याचे त्यांचे अंतर वाढले, व्यायाम न करणाऱ्यांचे वाढले नाही. जर्मनीतील २१ केंद्रांत हजारांहून अधिक रुग्णांवर झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत डायलिसिस चालू असतानाच व्यायाम करून घेण्यात आला. वर्षभरानंतर त्या रुग्णांची खुर्चीतून उठ-बस करण्याची शक्ती वाढली होती, इतरांची घटली होती. व्यायामाने आयुष्य वाढते, हे यातून सिद्ध होत नाही. पण आपल्या पायांवर बसच्या पायऱ्या चढता येणे हाही लहान लाभ नव्हे.

काय करता येईल

आजारपणात अन्न हेही औषध असते, हे तत्त्व शासनाने क्षयरोगाच्या बाबतीत मान्य केले आहे. निक्षय पोषण योजनेखाली एप्रिल २०१८ पासून क्षयरुग्णांना दरमहा ५०० रुपये मिळू लागले. नोव्हेंबर २०२४ पासून ते १,००० झाले. झारखंडात क्षयरुग्णांना धान्य व डाळ देऊन केलेला अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. उपचाराच्या पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचे वजन वाढले, त्यांच्यात मृत्यूचे प्रमाण लक्षणीयरीत्या कमी असल्याचे त्यात दिसले. जे क्षयरोगाला लागू, ते डायलिसिसला का नसावे?

खर्चाचा आक्षेप येथे अपेक्षितच आहे. अंड्याचा भाव सात रुपये धरला, तर रोज चार अंड्यांचा वर्षाचा खर्च १०,२२० रुपये होतो, आणि प्रथिनांची वर दाखवलेली तूट त्यातून बहुतांशी भरून निघते. डायलिसिसचा वर्षाचा खर्च २०१६ च्या दरानेच तीन लाखांहून अधिक आहे. म्हणजे यंत्रावरील खर्च वाया जाऊ नये म्हणून लागणारी ही रक्कम त्या खर्चाच्या साडेतीन टक्क्यांहूनही कमी ठरते. पंप घेऊन दिला आणि तेल दिले नाही, अशी आजची व्यवस्था आहे. कोणी किती अंडी खावीत, पिवळा बलक वगळावा काय, शाकाहारी रुग्णाने दही, पनीर वा सोयाबीनच्या वड्या किती घ्याव्यात, हे फॉस्फरस व पोटॅशियमच्या तपासणीवरून डॉक्टरांनीच ठरवायचे. म्हणूनच अनुदानाबरोबर आहारतज्ज्ञही हवा. आणि तो भाताच्या ताटाची भाषा बोलणारा हवा. पोषण-पूरकांमुळे मृत्यू टळतात, असे निर्विवाद सिद्ध करणाऱ्या मोठ्या चाचण्या अद्याप थोड्या आहेत, हे खरे. परंतु अल्ब्युमिन कमी असलेल्या ज्या रुग्णांना अशी पूरके मिळाली, ते अधिक काळ जगल्याचे निरीक्षणात्मक अभ्यासांत आढळले आहे. भुकेल्या रुग्णाला खाऊ घालण्यासाठी याहून अधिक पुराव्याची वाट पाहणे योग्य नव्हे.

दुसरी गरज मोजमापाची. त्यासाठी महागडी यंत्रे लागत नाहीत. डायलिसिसनंतर पोटरीचा घेर मोजण्यास शिंप्याची फीत पुरते. खुर्चीतून पाच वेळा उठण्यास किती सेकंद लागतात, हे कोणत्याही घड्याळावर पाहता येते. आशियाई तज्ज्ञांच्या २०१९ च्या निकषांनुसार पोटरी पुरुषांत ३४ व स्त्रियांत ३३ सेंटिमीटरांपेक्षा कमी भरली, किंवा उठ-बशीस बारा सेकंद वा अधिक लागले, तर पुढील तपासणी करावी. हे दोन आकडे दर तीन महिन्यांनी प्रत्येक रुग्णाच्या कागदावर लिहिणे प्रत्येक केंद्राला बंधनकारक करता येईल. ज्यांचा रक्तदाब सत्रात पडत नाही, त्यांना यंत्रावर असतानाच थोडे प्रथिनयुक्त खाणे देता येईल, आणि त्याच चार तासांत पायांचा व्यायामही.

तिसरी गरज यंत्र माणसाजवळ नेण्याची. एका सत्राला सुमारे १२० लिटर शुद्ध केलेले पाणी आणि अखंड वीज लागते. मौद्याच्या औष्णिक केंद्राची क्षमता २,३२० मेगावॉट आहे, आणि कन्हानचे पाणी तालुक्याच्या उशाशी आहे. उणीव भासते ती प्रशिक्षित माणसांची. आणि ती माणसे तालुक्याला आणणे हा पैशापेक्षा नियोजनाचा प्रश्न आहे. अंतर कमी झाले तर तिसरे सत्र चुकणार नाही, मजुरी कमी बुडेल आणि वाचलेला पैसा ताटात येईल.

सारांश, मोफत सत्रांची संख्या वाढणे ही प्रगती आहे, पण ती अर्ध्या वाटेवरची. शासन एका रुग्णामागे वर्षाला लाखो रुपये खर्च करते, ते त्याचे रक्त केवळ गाळले जावे म्हणून नव्हे, तर त्याने जगावे, चालावे आणि शक्य तर पुन्हा कामाला लागावे म्हणून. तेव्हा पुढील अर्थसंकल्पात डायलिसिसच्या तरतुदीशेजारी पोषणाची एक स्वतंत्र ओळ असली पाहिजे. ती फार मोठी असण्याची गरज नाही.